दुसऱ्या महायुद्धातली जीप मूळ रूपात आणायची असेल तर

सगळ्यात आधी टेप लावा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत ८० इंच भरले तर ठीक. जास्त भरले, तर एक तर गाडी वेगळ्या मॉडेलची आहे किंवा कोणीतरी सवाऱ्या कोंबायला चेसिस लांबवली आहे. अशी गाडी, भाऊ, सोडून द्या.

मग ग्रिल मोजा. दाबीव पत्र्याच्या युद्धकालीन ग्रिलला ९ फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला ७. पण ग्रिल बदलता येते, म्हणून खरा पुरावा चेसिसचा. ही जीप विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्या बनवत. रेडिएटरखालची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर ती विलीज, उलट्या 'यू'सारखी असेल तर फोर्ड. फोर्डने बोल्टवरसुद्धा 'एफ' ठोकलेला असतो. म्हणून उघडताना एकही बोल्ट भंगारात टाकू नका, डबे करून नावे लिहा.

आपल्याकडे नागपुरात निम्मे काम इंजिनाचे असते. मॅटाडोरचे डिझेल बसवलेल्या जीपा खूप. मूळचे पेट्रोल इंजिन २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे, चपट्या हेडचे. महिंद्राच्या उंच बोनेटवाल्या जीपचे इंजिन स्वस्त मिळते, पण हेड उंच असल्याने या बोनेटखाली मावतच नाही. विलीजच्या सीजे-२ए किंवा ३ए या नागरी जीपांचे चालते. डिझेलसाठी जोडलेले ब्रॅकेट गॅस कटरने कापू देऊ नका, चेसिस तापली की वाकते. ग्राइंडरने हळूहळू घासा. कामठी रोडचे मिस्त्री घाई करून राहतात, तुम्ही जवळ बसा.

मागे उघडणारी झडप (टेलगेट) लावलेली असेल तर ती काढावी लागते, कारण मूळ पत्रा अखंड होता आणि त्यावरच स्टेपनी. पत्रा इतवारीच्या लोहा ओळीत मिळून जाईल. पुट्टीवर मात्र विश्वास ठेवू नका, नागपूरच्या मे महिन्यात ती तडकते.

वायरिंग १२ व्होल्टवरून मूळच्या ६ वर आणणार असाल तर केबलही जाड घ्या. तेवढ्याच शक्तीला करंट दुप्पट लागतो. जुनी बारीक केबल ठेवली की स्टार्टर नुसता कण्हतो.

आता गंमत रंगाची. मूळ रंग सैनिकी हिरवा, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ नुसार तो संरक्षण खात्याशिवाय कोणी लावायचा नाही. मी वाळूरंग लावला. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांच्या जीपा तशाच होत्या, त्यामुळे मनाला फार टोचत नाही.

इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मिळते, पण मग रोज धंतोलीत भाजी आणायला ती काढता येत नाही. स्टिअरिंग मूळचे डाव्या बाजूला होते. तसे ठेवले तर चालू इंडिकेटर कायद्याने हवेच, ते युद्धातल्या जीपला नव्हते तरी. छोटे घ्या आणि बंपरच्या कडेला क्लॅम्पने बसवा, पत्र्याला भोक पाडू नका.