पॉवर प्रेसची देखभाल कशी कराल? आधी ब्रेक बघा

खंडेनवमीला पॉवर प्रेस (पत्रा कापणारं, भोकं पाडणारं मशीन) धुतली-पुसली जाते, हार पडतो, नारळ फुटतो. पुढचं वर्षभर ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी बघत नाही. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या शेडमध्ये कूलरच्या पत्र्याचं काम जोरात असलं, की मशीन अर्धा तास थांबवायचं म्हटलं तरी मालकाच्या जिवावर येतं. म्हणून मोठं काम सीझनच्या आधीच उरका. रोजचं काम मात्र रोजच व्हायला हवं.

1. मशीन खरोखर बंद करा. मेन स्विच पाडा, कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील (बाजूचं जड चाक) बराच वेळ फिरत राहतं. ‘लाइट गेलीय, तेवढ्यात डाय बघून घेतो’ हा आपल्याकडचा नेहमीचा उद्योग. (डाय म्हणजे पत्रा कापणारा खालचा साचा, पंच म्हणजे त्यात शिरणारा वरचा.) पण त्या वेळी पायडलवर चुकून पाय पडला, तर फिरत्या फ्लायव्हीलच्या जोरावर रॅम (पंच धरून वर-खाली होणारा भाग) खाली येतोच. चाक आपोआप थांबू द्या. मग रॅमखाली लोखंडी ठोकळा लावा आणि त्यानंतरच हात घाला.

2. रोज सकाळी तेल. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या गिब (रॅमला सरळ धरणाऱ्या पट्ट्या) आणि क्रँकचे (रॅम हलवणाऱ्या वाकड्या दांड्याचे) बेअरिंग आधी कापडाने पुसा, मगच तेल द्या. जिनिंगच्या आसपास शेड असेल तर ऑइल कपात कापसाची तूस बसते, वरून तेल भरलेलं दिसतं आणि खाली थेंब उतरत नाही. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेला की तेल पातळ होऊन लवकर गळतं, तेव्हा दुपारी आणखी एकदा द्या. ग्रेड मशीनच्या पुस्तकात असतो तोच घ्या. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑइल मात्र नको. त्यात झिजलेल्या लोखंडाचा बारीक कीस असतो, तो बुश (बेअरिंगमधली नळी) खातो.

3. ब्रेक. पिन किंवा की क्लचच्या प्रेसमध्ये, म्हणजे जिथे फ्लायव्हील आणि क्रँक एका पिनेने किंवा चावीने जोडले जातात तिथे, एकदा पायडल दाबलं की रॅम पूर्ण फेरा मारूनच थांबतो, मधे थांबवता येत नाही. तो वर नेमका थांबवण्याचं काम ब्रेकचं. तपासणी सोपी आहे. रॅम वर असताना क्रँकच्या टोकावर आणि बॉडीवर समोरासमोर खडूने रेघ मारा. डाय काढा, ठोकळा काढा, मशीन चालू करा आणि हात लांब ठेवून एकेक स्ट्रोक मारा. रेघा दर वेळी जवळपास जुळल्या पाहिजेत. क्रँक पुढे सरकून थांबत असेल तर मशीन बंद करून ब्रेकचा नट थोडासाच आवळा आणि पुन्हा बघा. आवळूनही फरक पडत नसेल तर लायनरला (ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या पट्टीला) तेल लागलंय किंवा तो झिजलाय. उलट, अति आवळला तर ड्रम तापतो.

एकदा पायडल दाबल्यावर रॅम दोनदा खाली आला, तर मशीन त्याच क्षणी बंद. ‘काही नही व्हत, भो’ म्हणणारा शेडमध्ये एक तरी असतोच. त्याचं ऐकू नका. क्लचची स्प्रिंग, पिन किंवा की आणि तिला अडवणारा डॉग यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. फिटरने उघडून दुरुस्त केल्याशिवाय त्या मशीनवर एकही नग काढायचा नाही.

4. आठवड्यातून एकदा डाय आणि बोल्स्टरचे (डाय बसते त्या जाड प्लेटचे) बोल्ट पाना लावून बघा. धक्क्यांनी ते सैल होतातच. बेल्ट मधोमध दाबा. दोन पुलींमध्ये एक मीटर अंतर असेल तर तो साधारण दीड सेंटीमीटर दबावा. एक बेल्ट तुटला तरी पूर्ण सेट बदला, नाहीतर नवा एकटाच सगळा भार ओढतो.

गिब सैल झाली का, हे माल सांगतो. भोकाच्या एकाच बाजूला बर (कापलेल्या कडेची खरखरीत कोर) येत असेल तर रॅम एका अंगाला झुकतोय. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गिब आणि रॅममधली गॅप मोजा. पुस्तकात दिल्यापेक्षा जास्त असेल तर दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे आवळा. बर सगळीकडून सारखी वाढली असेल, तर पंच-डायची धार गेली आहे, ग्राइंडिंगला पाठवा. ग्राइंडिंगनंतर पंच आखूड होतो, म्हणून रॅमचा स्क्रू पुन्हा सेट करून लॉकनट घट्ट करा.

5. सीझनआधी ब्रेक लायनर, क्रँकचे बुश, फाउंडेशन बोल्ट आणि अर्थिंग बघून घ्या. पावसाळ्यात पडून राहणाऱ्या डायना तेलाचा हात द्या, नाहीतर गंज धरतो.

6. पुन्हा चालू करताना आत राहिलेले पाने मोजून काढा, आणि ठोकळा तर आधी. धोकादायक भागांना गार्ड लागतोच. कामासाठी काढलेला असेल तर तो जागेवर बसवा. स्विच पाडलेलाच ठेवून पायडल दाबा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून रॅमचा एक पूर्ण फेरा काढा. पंच डायमध्ये कुठेही न घासता गेला, की दोन-चार स्ट्रोक रिकामे मारा आणि मग पत्रा लावा.