पार्किंग ब्रेकचा दिवा विझत नाहीये? मोटर बदलायच्या आधी हे बघा

गणपतीला गावी गेलो होतो, बारा दिवस गाडी सोसायटीत पावसात उभी. परत आल्यावर कशीबशी स्टार्ट झाली आणि डॅशबोर्डवर पार्किंग ब्रेकचा पिवळा दिवा, बटण दाबलं तरी ब्रेक सुटेना (लिव्हर ओढायचा नाही, बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे). गॅरेजवाला नुसतं बघूनच म्हणाला, मागच्या चाकांचे ब्रेक दाबणाऱ्या दोन्ही मोटरी गेल्यात. निघालं काय, तर बॅटरी 11.8 व्होल्टवर आलेली!

तर आधी दिव्याचा रंग बघा. लाल म्हणजे बहुतेक वेळा ब्रेक लागलाय एवढंच, पण लाल लुकलुकत असेल तर ब्रेक नीट लागलेला किंवा सुटलेला नाही. पिवळा म्हणजे सिस्टीममध्ये बिघाड. आणि ब्रेक सुटलेला असूनही लाल दिवा तसाच असेल तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइल बघा, बऱ्याच गाड्यांत त्यालाही हाच दिवा असतो, ऑइल कमी असेल तर गाडी चालवू नका.

ब्रेक सोडताना इग्निशन ऑन आणि पायातला ब्रेक पूर्ण दाबलेला हवा, नाहीतर बटण ऐकतच नाही. आपोआप सुटणाऱ्यात बऱ्याचदा सीटबेल्टही लागतो. हसू नका, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

मग बॅटरी. साधा मल्टीमीटर घ्या, गाडी रात्रभर बंद असताना 12.4 ते 12.6 यायला पाहिजे, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, टर्मिनलवरची पांढरी बुरशी साफ करा, मगच पुढचं. मोटरी बहुतेक गाड्यांत मागच्या कॅलिपरवर (चाकाच्या डिस्कला पॅडने चिमटणारा भाग) असतात आणि दाबताना चांगलाच करंट ओढतात, बॅटरी कमजोर असली की ब्रेकचं कंट्रोल युनिट सरळ एरर टाकतं.

बॅटरी ठीक असेल तर कुणालातरी मागे उभं करून ब्रेक दाबा. मागचे लाल लाइट लागत नसतील किंवा विझतच नसतील तर पेडलवरचा ब्रेक स्विच गेलेला असू शकतो, मग ब्रेकवर पाय आहे हे गाडीला कळतच नाही. हा पार्ट मोटरीच्या मानाने स्वस्त असतो.

आता आवाज. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, काचा खाली, आणि बटण लावा-सोडा. दोन्ही मागच्या चाकांतून घुर्रर्र आलं पाहिजे. एकच बाजू गप्प असेल तर त्या बाजूची वायर आणि कनेक्टर बघा, पाणी शिरतं, उंदीर तर कुरतडतातच. तिथे सगळं ठीक असेल तरच मोटरीवर संशय घ्या.

नुकतेच मागचे पॅड बदललेत आणि त्यानंतर दिवा लागलाय? मग मेकॅनिकला विचारा, सर्व्हिस मोडमध्ये (मोटर उलटी फिरवून ब्रेक सैल करायची सोय) टाकून पॅड दाबणारा पिस्टन मागे घेतला होता का नुसता क्लॅम्प लावून दाबला. दाबला असेल तर आतले गिअर तुटलेले असू शकतात.

स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावायचा तर ब्रेकच्या कंट्रोल युनिटचे कोड वाचणारा लावा, स्वस्तातले बरेचसे फक्त इंजिनचे कोड दाखवतात. आणि ब्रेक अडकलेला असताना गाडी ओढत नेऊ नका, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा, मागची चाकं फरफटली की टायरला चपटा डाग पडतो आणि मग टायरचाही खर्च.