अंधार पडायच्या आत वाडीत पोचा

नोकरी सोडून सायकलवर निघायचं ठरवलंय? मस्त. तंबू, पंक्चर किट, पॉवर बँक यावर मी बोलत नाही, ते तुम्हाला माहितीये. मी सांगणार मुक्कामाचं, कारण माझी तिथेच वाट लागली होती.

बाणकोट, दाभोळ अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत रत्नागिरीकडे चाललो होतो. धोपाव्याला उतरलो तेव्हा ऊन होतं, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, चढ संपला की परत चढ, आणि तवसाळला पोचलो तर जयगडची शेवटची फेरी गेलेली. मिट्ट काळोख. जवळच्या वाडीत एका खळ्यात उभं राहून हाका मारल्या, आत दिवा लागला आणि लगेच विझला. पुढच्या घरीही तेच. जाम राग आला होता. पण चूक माझीच होती राव. निम्मी घरं कुलूपबंद, पोरं मुंबईला, घरात म्हातारी दोन माणसं, आणि डोक्याला टॉर्च लावलेला कोणीतरी दाढीवाला रात्री आठला अंगणात हाका मारतोय. तुम्ही उघडलं असतं दार?

म्हणून साडेचारला थांबा. दिवसाचं टार्गेट गेलं खड्ड्यात, थांबा. दुकानात चहा घ्या, कुणी विचारायच्या आत नाव-गाव सांगा, पोलीस पाटलाचं घर शोधा, आधार दाखवा, मग देऊळ नाहीतर शाळेचा व्हरांडा मागा. उजेडात चार जणांनी तोंड बघितलेलं असलं की रात्री कोणी दचकत नाही. परत सांगतो, उजेडात.

उजेडात दिसलो की आपल्यावर विश्वास बसतो, तेही आपलं नशीब म्हणा. 2018 साली धुळ्याच्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवायच्या अफवेवरून मारून टाकलं, तेही दिवसाढवळ्या. पिढ्यानपिढ्या भटकणारी माणसं ती. आपल्याला चहा मिळतो तो सायकल आणि हेल्मेट बघून, त्यामुळे 'फुकटात भारत फिरा' शिकवणारे रीलवाले गुरू माझ्या डोक्यातच जातात.

पण घाबरू नका हं. त्या रात्री तिसऱ्या घरी एका आजीने खिडकीतूनच उलटतपासणी घेतली, कुणाचा, कुठला, आईचं माहेर कुठलं. आजोळ लांज्याचं म्हटल्यावर कडी निघाली. कुळथाची पिठी, भात, ओटीवर घोंगडी. मी जेवताना ती समोरच बसून होती, दुसऱ्यांदा भात नको म्हटलं तर ऐकूच आलं नाही तिला.

सकाळी शहाण्यासारखी पाचशेची नोट पुढे केली. "खानावळ वाटली काय रे ही?" पुढचा चहा अबोल्यातच झाला. शेवटी मी आमसुलं विकत मागितली तर बाई लगेच तराजू घेऊन आल्या, भाव सांगितला, दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत. तर पैसे असे द्यायचे, त्यांच्या घरचं काही विकत घेऊन.

आणि आमसुलं घेतलीत तर दोन पिशव्यांत बांधा. माझा तंबू अजून लाल आहे.