पाळणा लांबवायचा की थांबवायचा? गर्भनिरोधनाचे साधन निवडताना

दवाखान्यात या विषयावर पहिला प्रश्न बहुधा असा येतो की, “यातले सगळ्यांत चांगले कोणते?” या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण लग्नाला दोन महिने झालेले जोडपे, तीन महिन्यांचे बाळ अंगावर पीत असलेली आई आणि तिसरे मूल नको हे पक्के ठरवलेले चाळिशीचे दांपत्य यांच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या असतात. शेजारणीला तांबी मानवली म्हणून ती आपल्यालाही मानवेलच असे नाही, आणि जावेला गोळ्यांनी मळमळ झाली म्हणून आपल्यालाही होईलच असेही नाही.

मुंबईत १९२१ साली र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा सांगण्याजोगी साधने मोजकीच होती. १९५२ साली भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला, आणि आज निरोध, माला-एन व छाया या गोळ्या, अंतरा इंजेक्शन, तांबी म्हणजे कॉपर टी, आणि स्त्री-पुरुष दोघांच्या शस्त्रक्रिया सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात. निवडीला वाव आहे, म्हणूनच निवड कशी करायची हे समजून घेणे आवश्यक झाले आहे.

आरंभ “लांबवायचा की थांबवायचा” या प्रश्नापासून करावा. पुढच्या वर्षभरात मूल हवे असेल, तर पाच-दहा वर्षांचे साधन बसवण्याचे किंवा अंतरा घेण्याचे कारण नाही. निरोध किंवा गोळ्या पुरेशा आहेत. तीन ते पाच वर्षांचे अंतर हवे असेल तर तांबी सोयीची पडते. आता मूल नकोच हे दोघांचेही पक्के असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. ती उलटवण्याची शस्त्रक्रिया अस्तित्वात असली तरी तिच्या यशाची खात्री नसते, म्हणून “पुढे वाटले तर नळ्या पुन्हा जोडून घेऊ” या भरवशावर ऑपरेशन करून घेऊ नये.

आकडे कसे वाचावेत

वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात “९९ टक्के परिणामकारक” असे छापलेले असते, तेव्हा तो आकडा बहुधा साधन अचूक वापरले तर काय होईल याचा असतो. प्रत्यक्षात माणसे गोळी विसरतात, निरोध संपलेला असतो, इंजेक्शनची तारीख लग्नसराईत टळते. म्हणून नेहमीच्या वापराचा आकडा विचारात घ्यावा. कोणतेही साधन न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे ८५ जणींना दिवस जातात. पुरुषाने वेळीच बाजूला होण्याच्या पद्धतीत हा आकडा सुमारे २०, निरोधच्या बाबतीत १३, गोळ्यांच्या बाबतीत ७ आणि तीन महिन्यांच्या इंजेक्शनच्या बाबतीत ४ असतो, तर तांबी व दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रियांमध्ये तो एकाहूनही कमी असतो. या उतरंडीचे कारण सोपे आहे. ज्या साधनात रोज किंवा प्रत्येक वेळी आपल्याला काही करावे लागते तेथे चूक होण्याची संधी अधिक, आणि जे एकदा बसवले की आपले काम आपण करत राहते तेथे ती कमी. साधन निवडताना आपल्या घरात लक्षात ठेवणार कोण, हा प्रश्न त्यामुळे औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

निरोध या यादीत मध्यावर दिसत असला तरी एका बाबतीत त्याला पर्याय नाही: एचआयव्ही आणि लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या इतर संसर्गांपासून संरक्षण देणारे साधन तेच आहे. पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला, उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत पडलेला किंवा मुदत उलटलेला निरोध वापरू नये. खोबरेल तेल, व्हॅसलीन यांनी निरोधचे रबर (लेटेक्स) कमकुवत होऊन तो फाटतो, हे अनेकांना ठाऊक नसते. वंगण लागल्यास पाण्याचे किंवा सिलिकॉनचे घ्यावे.

गोळ्या: रोजच्या आणि आठवड्याच्या

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असून, लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते आणि पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी नवे सुरू करायचे असते. रोज एकाच वेळी, शक्यतो रात्रीच्या जेवणानंतर, गोळी घेण्याची सवय लावावी. हार्मोनची एक गोळी राहिली तर आठवण होताच ती घ्यावी आणि त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालते. लागोपाठ दोन किंवा अधिक राहिल्या, तर एक ताबडतोब घेऊन क्रम पुढे चालू ठेवावा आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, डोकेदुखी किंवा मधेच थोडे अंगावरून जाणे संभवते. ते बहुतेकींच्या बाबतीत आपोआप थांबते. पाळी नियमित होणे, रक्तस्राव आणि पोटदुखी कमी होणे हे या गोळ्यांचे फायदे आहेत.

मात्र माला-एनसारख्या गोळ्यांमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन असल्याने त्या प्रत्येकीसाठी नाहीत. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने, पस्तिशी उलटलेल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रीने, तसेच उच्च रक्तदाब, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असणे, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रीने त्या घेऊ नयेत. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर सुरू करण्याआधी निदान रक्तदाब तरी तपासून घ्यावा. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन आणि फिट्सवरील फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यांसारख्या औषधांनी गोळ्यांचा परिणाम घटतो. ही औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तांबीवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही.

छाया ही गोळी वेगळ्या जातीची आहे. तिच्यातील सेंटक्रोमन हे औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाले, आणि ते हार्मोन नसल्यामुळे बाळाला पाजणाऱ्या आईलाही चालते. तिचा क्रम मात्र गोंधळात टाकणारा आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, तिसऱ्या दिवसानंतर म्हणजे चौथ्या दिवशी दुसरी, आणि पुढे तीन महिने आठवड्यातून त्याच दोन वारी. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच, पहिल्या गोळीच्या वारी. म्हणजे रविवारी सुरुवात झाली असेल तर तीन महिने रविवार आणि बुधवार, नंतर फक्त रविवार. ज्या घरात भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली असते, तेथे याच चौकटींत एक लहानशी खूण करण्याने काम भागते. तीन महिन्यांच्या खुणा पहिल्याच दिवशी करून टाकाव्यात, म्हणजे दोनाची एक कधी करायची याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही. खुणेचा अर्थ सासूबाईंना कळावा की नाही, हे ज्या त्या घराने ठरवावे. गोळी चुकल्यास आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून अधिक काळ लोटला तर क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा. छायामुळे पाळी लांबू शकते. ज्यांच्या बीजकोषांत गाठींचा त्रास आहे किंवा ज्यांना नुकतीच कावीळ होऊन गेली आहे, त्यांनी ती टाळावी.

अंतरा

दर तीन महिन्यांनी घ्यायचे हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आले. ज्यांना गोळी रोज आठवत नाही, किंवा घरात साधन दिसू नये असे ज्यांना वाटते, त्यांना ते सोयीचे पडते. इंजेक्शन दिलेली जागा चोळू नये आणि शेकू नये, अन्यथा औषध लवकर शोषले जाते. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत पुढचा डोस घेता येतो.

अंतरा सोडून देण्यामागे बहुधा एकच कारण असते. आरंभी पाळी अनियमित होते, मधूनमधून अंगावरून जाते, आणि काही डोसांनंतर अनेकींची पाळी पूर्ण थांबते. “रक्त आत साठते आहे” ही भीती मग घरातूनच घातली जाते. वास्तविक या औषधाने गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते. बाहेर टाकण्याजोगे काही तयार होत नाही, म्हणून पाळी येत नाही. हे आधीच नीट सांगितले गेले तर दुसऱ्या डोसाला बाई परत येते. दुसरी गोष्टही आधीच सांगायला हवी: शेवटच्या इंजेक्शनपासून पुन्हा दिवस राहण्यास साधारण सात ते दहा महिने लागू शकतात.

तांबी

गर्भाशयात बसवायच्या या इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या साधनावर तांब्याची तार असते. ३८० ए प्रकारची तांबी दहा वर्षे, तर ३७५ प्रकारची पाच वर्षे चालते. काढल्यानंतर लगेच दिवस राहू शकतात. पाळीच्या दिवसांत, गर्भ नाही याची खात्री करून इतर कोणत्याही दिवशी, किंवा बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत ती बसवता येते. ते ४८ तास उलटले तर सहा आठवडे थांबावे लागते. बसवताना पोटात कळ येते आणि पहिले तीन ते सहा महिने पाळीत रक्त अधिक जाऊन पोट दुखू शकते. ज्यांना आधीच अंगावरून खूप जाते आणि हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी म्हणूनच दुसरे साधन पाहावे. खासगी रुग्णालयांत हार्मोनचे गर्भाशयात बसवायचे साधन मिळते, आणि त्याने उलट रक्तस्राव घटतो, मात्र ते महाग असते.

तांबी पोटात वर चढते, काळजापर्यंत जाते, असे अजूनही ऐकू येते. गर्भाशय ही बंद पिशवी असून तेथून छातीकडे जाणारी वाट नाही. ती आपोआप खाली पडणे मात्र संभवते, विशेषतः बाळंतपणानंतर लगेच बसवली असल्यास. म्हणून पहिल्या पाळीनंतर तपासणीला जावे. तांबीचा योनिमार्गात येणारा दोरा हाताला लागेनासा झाला, पोटात सतत दुखू लागले, ताप आला किंवा पाळी चुकली, तर वाट न पाहता दाखवावे.

बाळंतपणानंतरचे सहा महिने

“अंगावर पाजते आहे तोवर काही होत नाही” हे वाक्य अर्धेच खरे आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, त्याला रात्रंदिवस फक्त आईचेच दूध मिळत असेल आणि पाळी परत आलेली नसेल, या तिन्ही अटी एकत्र पाळल्या गेल्या तरच संरक्षण मिळते. यांतली एक अट मोडली, मग ती वरचे दूध सुरू केल्याने का असेना, की दुसरे साधन लागलेच. पाळी येण्याच्या आधी बीज सुटते, म्हणून “पाळी आली की बघू” असा विचार केल्यास उशीर होऊ शकतो. या काळात तांबी, छाया, निरोध आणि सहा आठवड्यांनंतर अंतरा हे पर्याय चालतात.

शस्त्रक्रिया, आणि ती कोणाची

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के होते. वैद्यकीयदृष्ट्या हे उलटे असायला हवे. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत, ती दुर्बिणीची असो वा टाक्याची, पोटाला छेद द्यावा लागतो. पुरुषाच्या बिनटाक्याच्या पद्धतीत स्थानिक भूल देऊन एका छिद्रातून शुक्रवाहिनी बांधली जाते, आणि तो त्याच दिवशी घरी जातो. ४८ तासांनी नेहमीची कामे आणि आठवड्याने सायकल व जड काम सुरू करता येते. पुरुषी हार्मोन रक्तातून जाते, या नळीतून नव्हे. त्यामुळे ताकद, इच्छा आणि ताठरता यांत फरक पडत नाही. मात्र पहिले तीन महिने निरोध वापरावा आणि नंतर वीर्यतपासणी करून शुक्राणू नाहीत याची खात्री करून घ्यावी. “नवऱ्याचे ऑपरेशन होऊनही दिवस गेले” या तक्रारींमागे अनेकदा या तीन महिन्यांचा विसर असतो, आणि संशय मात्र बायकोवर येतो. शस्त्रक्रियेसाठी जोडीदाराची संमती कायद्याने आवश्यक नाही. ज्याची शस्त्रक्रिया, त्याची सही.

चूक झाली तर

निरोध फाटला किंवा काहीच वापरले गेले नाही, तर लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी. ती बीज सुटणे लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. गोळीनंतर दोन तासांत उलटी झाल्यास पुन्हा घ्यावी. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणे हा त्याहून खात्रीचा उपाय असून, पुढची वर्षेही त्यात निभावतात. महिन्यातून दोन-तीनदा ही गोळी लागत असेल, तर नेहमीचे साधन बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. पाळी ठरल्या तारखेच्या आठवडाभर पुढे गेली तर लघवीची तपासणी करावी. साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेला गर्भ काढून घेण्याची मुभा कायद्यात आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती अविवाहित स्त्रीलाही लागू झाली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यासाठी पुरते. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घरी गर्भ पाडण्याचा प्रयत्न करू नये.

साधन कधी थांबवावे, हे सहसा कोणी विचारत नाही. पन्नाशीनंतर पाळी थांबली असेल तर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, आणि पन्नाशीच्या आत थांबली असेल तर दोन वर्षे साधन चालू ठेवावे. अंतरा घेणाऱ्या स्त्रीची पाळी औषधानेच थांबलेली असू शकते, त्यामुळे तिने पाळीवरून अंदाज न बांधता डॉक्टरांना विचारावे. तांबी असल्यास ती त्यानंतर काढून घ्यावी, तशीच आत राहू देऊ नये.