व्यायाम सुरू केला आणि वजन वाढलं? घाबरून या चुका करू नका

जानेवारी संपत आला की पुण्यातल्या तळजाई टेकडीवर हा प्रश्न मला हमखास येतो. "ताई, महिना होत आला, रोज येतेय, गोड बंद केलंय, आणि काटा दीड किलो वर, असं कसं?" बारा वर्षं मी सकाळी टेकडीवर जातेय, दर वर्षी हाच प्रश्न, त्याच चुका, आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत निम्मे चेहरे गायब. मला खरंच वाईट वाटतं, कारण शरीर नेमकं सवयीला लागत असतं तेव्हाच ही मंडळी सोडून जातात. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक: रोज काटा बघायचा आणि घाबरून जेवण तोडायचं

माझी मावसबहीण, वय 44, कोथरूडला राहते. तिने एकदम जिम लावली, आठवड्याचे पाच दिवस, आणि रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. सुरुवातीला वजन 71.2. दहाव्या दिवशी सकाळी सहाला फोन, "ताई, 73.1 दाखवतोय, माझं काय चुकतंय?" म्हटलं काही चुकत नाहीये, थांब जरा. ती थांबली नाही. रात्रीची भाकरी बंद, नुसतं सूप आणि काकडी, वर संध्याकाळी अजून तासभर चालणं. तिसऱ्या रविवारी गड उतरताना पायात गोळे आले, डोळ्यापुढे अंधारी आली, वाटेवर ताक विकायला बसलेल्या एका मावशींनी तिला टोपलीशेजारी सावलीत बसवलं, पदराने वारा घातला आणि मीठ घातलेलं लिंबू सरबत पाजलं. मी मागून पोचले तेव्हा तिचे हात थंडगार पडले होते आणि ती मला विचारत होती, एवढं करून वजन का उतरत नाही.

आता हिशोब बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. दहा दिवसांत जवळजवळ दोन किलो चरबी चढायची तर रोज चौदाशे-पंधराशे कॅलरी जास्तीच्या पोटात जायला हव्यात, म्हणजे नेहमीचं जेवून वर रोज पाच वडापाव. तिने तसलं काही खाल्लेलं नव्हतं. मग वाढलं काय? पाणी. व्यायाम वाढला की स्नायू ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा साठा वाढवतात आणि दर ग्रॅम साठ्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. नवीन व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते, दोन-तीन दिवस अंग ठणकतं, तिथे सूज असते, सूज म्हणजे परत पाणीच. शिवाय पळणं-चढणं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला पाण्याचा भागही वाढतो. सगळं मिळून एक-दोन किलो आरामात. हे शरीर बिघडल्याचं नाही, तयार होत असल्याचं लक्षण आहे, आणि ह्याच वेळी तुम्ही त्याचं अन्न तोडता!

आणि कृपा करून "चरबीचे मसल झाले" असं दहा दिवसांत कोणाला सांगू नका. स्नायू इतक्या झटपट बनत नाहीत, त्याला महिने लागतात. धीर देण्यासाठी म्हणून लोक हे सांगतात, पण खोटा धीर महिनाभरात उघडा पडतो आणि मग माणूस खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवत नाही.

मी काय केलं, तर तिचा वजनकाटा उचलून माझ्या घरी आणला. शिवणाच्या डब्यातली टेप तिच्या हातात दिली. दर रविवारी उठल्या उठल्या, पोट आत न ओढता, बेंबीशी कंबर मोजायची आणि कालनिर्णयच्या त्या चौकोनात आकडा लिहायचा. रात्रीची भाकरी परत सुरू, जिम पाचवरून तीन दिवसांवर. सहाव्या आठवड्यात काटा परत दिला तेव्हा वजन 71.6, म्हणजे सुरुवातीपेक्षा जास्तच, पण कंबर चार सेंटिमीटर कमी. दोन महिन्यांनी 70.1. पहिले सहा आठवडे काट्याला काही विचारायचंच नाही हा माझा नियम आहे, तो शास्त्रात बसतो का माहीत नाही पण आजवर कोणाचं नुकसान झालेलं नाही.

दुसरी चूक: "आज व्यायाम झालाय, चालतंय"

ही मी स्वतः केलेली आहे. हाफ मॅरेथॉनची तयारी करत होते तेव्हा रविवारचं पळणं संपलं की ग्रुपबरोबर मिसळ, जादा पाव, मग चहा-क्रीमरोल. चार महिन्यांत तीन किलो वाढले आणि ते पाणी नव्हतं, कंबरही वाढली होती. 65 किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चालले तर जेमतेम सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी जातात, एका वडापावमध्ये तीनशेच्या आसपास परत येतात. हातातलं घड्याळ साडेचारशे दाखवत असेल तर त्यावर जाऊ नका, ती घड्याळं सढळ हाताने आकडे देतात. गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही जरूर खा, मीही खाते, पण मग कांदाभजीची दुसरी प्लेट नको आणि घरी आल्यावर "आता जेवायचं राहिलंय" नको. आणि "हेल्दी" म्हणून जे आत जातं, मध, खजूर, मूठ मूठ दाणे, दुधात प्रोटीन पावडर, ते पण खाणंच आहे. माझी सवय साधी आहे, टेकडीवरून आल्यावर आधी दोन भांडी पाणी, मग चहा, आणि नाश्ता रोजचाच, व्यायाम जास्त झाला म्हणून वाढवायचा नाही.

बाकीच्या चुका पटापट सांगते. काटा पायपुसण्यावर किंवा हलणाऱ्या फरशीवर ठेवू नका. आदल्या रात्री फरसाण, पापड, लोणचं झालं असेल तर सकाळचा आकडा मिठाने धरलेल्या पाण्याचा असतो. पाळीच्या आधीचे दिवस वजनाचे नाहीतच, मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी तुलना करा. जिममधल्या कोणी क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू करून दिलं असेल तर एखाद-दोन किलो पाणी त्याचं. आणि सकाळी तासभर चालून दिवसभर खुर्चीत, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पण स्कूटी, असं असेल तर सकाळची अर्धी मेहनत तिथेच गेली.

एक मात्र गंभीरपणे घ्या. दोन-तीन महिने झाले, खाणं प्रामाणिकपणे सांभाळलंय, तरी वजन आणि कंबर दोन्ही चढतच आहेत, थकवा आहे, केस गळतात, थंडी जास्त वाजते, तर डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड तपासा. पाळी अनियमित असेल तर तेही सांगा. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारावरची काही औषधं ह्यांनीही वजन वाढतं, पण औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. नडगीवर अंगठा दाबून उचलल्यावर खड्डा तसाच राहतोय, दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले आणि आडवं झाल्यावर धाप लागतेय, तर सोमवारची वाट बघू नका. आणि जोरात व्यायाम केल्यावर अंग भयंकर दुखतंय आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, तर जिमच्या ट्रेनरला फोन नाही, थेट हॉस्पिटल.