कॅलरीमेट्रीची, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण मोजायची गणितं सोडवायला बसताय? आधी एवढं तयार ठेवा

कॅलक्युलेटर सध्या बाजूलाच राहू द्या. पहिल्यांदा हवा कोरा कागद, आणि त्यावर सूत्र लिहायच्या आधी साध्या मराठीत एक ओळ: उष्णता कोण देणार आणि कोण घेणार. गरम धातूचा तुकडा देणार, पाणी घेणार. किंवा कोमट पाणी देणार, बर्फ घेणार. ही ओळ न लिहिता थेट आकडे भरायला लागलं की मायनस कुठे द्यायचा तेच कळत नाही, आणि मला तरी वाटतं या चॅप्टरमधल्या निम्म्या चुका गणिताच्या नसतातच, गोष्ट न समजल्याच्या असतात.

मग आकड्यांची छोटी पट्टी करून समोर चिकटवा. पाण्याची विशिष्ट उष्मा (एक ग्रॅम पदार्थ एक डिग्रीने तापवायला लागणारी उष्णता) ४.१८ (सगळं जूल प्रति ग्रॅम प्रति डिग्री सेल्सिअस), बर्फाची साधारण २.१, ॲल्युमिनियम ०.९०, लोखंड ०.४५, तांबं ०.३८५, शिसं ०.१३. याखाली बर्फ वितळायची अप्रकट उष्मा (तापमान न बदलता नुसती अवस्था बदलायला लागणारी उष्णता) ३३४ जूल प्रति ग्रॅम आणि पाण्याची वाफ व्हायची २२६०. पाठ करायची गरज नाही, पण कोण मोठा कोण छोटा हे डोक्यात बसलेलं हवं, कारण एक ग्रॅम पाणी एक डिग्रीने तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात जवळपास अकरा ग्रॅम तांबं एक डिग्रीने तापतं. म्हणून गरम धातू पाण्यात टाकला की शेवटचं तापमान पाण्याच्या सुरुवातीच्या तापमानाजवळच राहतं, आणि तुमचं उत्तर बरोब्बर मधोमध आलं तर काहीतरी चुकलंय असं समजा.

युनिट्स तपासून घ्या. ग्रॅम की किलोग्रॅम, जूल की किलोजूल, आणि कुठे कॅलरी दिली असेल तर १ कॅलरी म्हणजे ४.१८४ जूल. तापमानातला फरक मात्र सेल्सिअसमध्ये काढा नाहीतर केल्विनमध्ये, आकडा तोच येतो, त्यामुळे फरकात २७३ मिळवायचे नाहीत, ही चूक हुशार मुलंसुद्धा घाईत करतात.

आता एक गणित शेवटपर्यंत करून ठेवा, नमुना म्हणून. ५० ग्रॅम धातू १०० डिग्रीला तापवला आणि थर्मोकोलच्या कपातल्या १०० ग्रॅम पाण्यात टाकला, पाणी २२.० होतं ते २५.४ वर स्थिरावलं. पाण्याने घेतलेली उष्णता म्हणजे वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातला फरक, १०० × ४.१८ × ३.४ म्हणजे १४२१ जूल. धातू किती उतरला? १०० वरून २५.४, म्हणजे ७४.६ डिग्री. इथे थांबा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: दोघांचं शेवटचं तापमान एक असलं तरी दोघांचा फरक वेगवेगळा असतो, पाण्याचा ३.४ धातूला लावायचा नाही. १४२१ भागिले (५० × ७४.६) केलं की ०.३८ येतं, पट्टीवर बघा, तांब्याच्या जवळ. आणि उत्तर ०.३८ एवढंच लिहायचं, ०.३८०९६ नाही, कारण २२.० आणि २५.४ मध्ये तीन तीन सार्थ अंक असले तरी वजाबाकीनंतर ३.४ मध्ये दोनच उरले.

ॲसिड-बेसचं गणित असेल तर वस्तुमान कोणाचं घ्यायचं ते आधी ठरवा. ५० मिली एक मोलर (लिटरमागे एक मोल) हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि ५० मिली एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, तापमान ६.७ डिग्रीने वाढलं. तापलं काय? सगळं द्रावण, म्हणून १०० ग्रॅम (घनता पाण्याएवढी धरून), ५० नाही. उष्णता साधारण २.८ किलोजूल, मोल ०.०५०, म्हणजे मोलमागे ५६ किलोजूल, आणि पुढे मायनस, कारण पाण्याला मिळालं ते रिॲक्शनने दिलं. उलट अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळलं की पाणी गार होतं, तिथे विरघळण्याची एन्थाल्पी (म्हणजे स्थिर दाबाला घेतलेली किंवा दिलेली उष्णता) प्लस. चिन्हासाठी एकच सवय लावा: थर्मामीटर ज्यात बुडवलाय त्याचं जे झालं त्याच्या उलट रिॲक्शनचं.

बर्फाच्या गणिताला मात्र वेगळी तयारी लागते, इथे जरा वेळ द्या. २०० ग्रॅम पाणी ३० डिग्रीला, त्यात शून्य डिग्रीचा ५० ग्रॅम बर्फ. समीकरण मांडायच्या आधी दोन आकडे काढा: सगळा बर्फ वितळायला किती लागेल, ५० × ३३४ = १६,७०० जूल, आणि पाणी शून्यापर्यंत उतरलं तर जास्तीत जास्त किती देऊ शकेल, २०० × ४.१८ × ३० = २५,०८० जूल. पुरतंय. उरलेले ८,३८० जूल आता २५० ग्रॅम पाणी तापवणार (वितळलेला बर्फही पाणीच झाला, तो विसरू नका), म्हणजे ८.० डिग्री. आता बर्फ १०० ग्रॅम करा. लागतील ३३,४०० आणि आहेत २५,०८०, म्हणजे पुरत नाही, ७५ ग्रॅमच वितळेल, २५ ग्रॅम बर्फ तरंगत राहील आणि तापमान शून्य. जो हे न बघता सरळ समीकरणात आकडे भरतो त्याला मायनस ६.६ डिग्री मिळतं आणि तो ते दोन रेघा मारून लिहूनही टाकतो. उत्तर दोन्ही सुरुवातीच्या तापमानांच्या मध्ये यायला हवं, मायनस ६.६ बसतं का त्यात?

हेच मला या विषयात फार सुंदर वाटतं, की उष्णता जातेय आणि थर्मामीटर हलत नाहीये. स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात हे नीट ओळखलं, आणि १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्यावरच यंत्र उभं केलं, ज्यात तापमान मोजायचंच नव्हतं, आतल्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते पाणी गोळा करून वजन करायचं, बस.

बाँब कॅलरीमीटर (बंद भांड्यात पदार्थ जाळून उष्णता मोजायचं यंत्र) आला तर घाबरू नका, तिथे वस्तुमान आणि विशिष्ट उष्मा वेगळे देतच नाहीत बऱ्याचदा, अख्ख्या यंत्राची उष्माधारकता (यंत्र एक डिग्रीने तापायला लागणारी उष्णता) देतात, ती फक्त तापमानवाढीने गुणायची. ती दिली नसेल तर बेंझॉइक ॲसिड जाळून काढतात, त्याच्या एका ग्रॅममागे २६.४ किलोजूल निघतात. एक ग्रॅमने २.६४ डिग्री वाढली तर यंत्र १०.० किलोजूल प्रति डिग्रीचं.

शेवटी सरावाला एक जोडी ठेवा, दोन्ही एकापाठोपाठ करायची. २० डिग्रीच्या २०० ग्रॅम पाण्यात १०० डिग्रीचं १० ग्रॅम पाणी ओतलं तर किती, आणि त्याऐवजी १०० डिग्रीचीच १० ग्रॅम वाफ सोडली तर किती. वाफेच्या गणितात दोन पायऱ्या आहेत, आधी तिचं पाणी होणं आणि मग त्या पाण्याचं गार होणं, दुसरी पायरी सुटते बऱ्याच जणांची. पहिल्याचं उत्तर २३.८ यायला हवं आणि दुसऱ्याचं ४९.६.