गर्दी नको असेल तर रामशेजला जा, तेही मधल्या वारी

पाऊस लागला की अख्खं नाशिक हरिहर किल्ल्याकडे नाहीतर पहिनेच्या धबधब्यांकडे पळतं, मग रस्त्यावर गाड्यांची रांग आणि पायऱ्यांवर माणसांची. ज्यांना निवांत चालायचंय, सोबत आई-बाबा किंवा लहान पोरं आहेत, त्यांनी सरळ पेठ रोड धरावा. शहरापासून साधारण पंधरा किलोमीटरवर आशेवाडी लागतं, तोच रामशेज किल्ल्याचा पायथा. रविवारी मात्र नको, इतका जवळचा किल्ला म्हटल्यावर सुट्टीला लोक येणारच. मंगळवार-बुधवारी सकाळी सातपर्यंत गावात पोचा, गाडी कोणाच्या दारात आडवी येणार नाही अशी लावा आणि निघा.

चढ सोपा आहे, दमलात की थांबायचं, तरी तासाभरात आरामात वर. आधी मळलेली वाट आणि मग पायऱ्या. वाटेत गुहेतलं रामाचं मंदिर आणि शेजारी पाण्याचं टाकं आहे, तिथे दहा मिनिटं बसाच, ज्येष्ठांना तिथवर आणलंत तरी खूप झालं, पुढचा हट्ट नको. पावसात पायरीच्या कडेला हिरवं शेवाळ धरतं, तिथे पाय टाकू नका, पायरीच्या मधोमध अख्खं पाऊल ठेवा, उतरताना पाऊल थोडं तिरकं आणि आईचा हात आपल्या हातात. चपला अजिबात नको, खाली खाचा असलेले बूट हवेत.

माथा लांबट पठारासारखा आहे, कातळात खोदलेली टाकी आहेत, समोर देहेरगड आणि भोरगड दिसतात. वारा जोरात असतो म्हणून धुकं असताना कड्याकडे जाऊ नका आणि पोरांना मोकळं सोडू नका. हां, पोरांना एक गोष्ट मात्र वर बसवून नक्की सांगा. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने इथे वेढा घातला आणि मूठभर मावळ्यांनी हा एवढासा डोंगर पाच वर्षांहून जास्त झुंजवला, लाकडाच्या तोफा करून त्यांना कातडं चढवलं होतं असं सांगतात. मी तर म्हणेन हे ऐकल्याशिवाय रामशेज बघितलाच नाही.

सप्टेंबरअखेरीस गेलात तर उतार सोनकीच्या फुलांनी पिवळे असतात, माझ्या मते तीच बेस्ट वेळ. उन्हाळ्यात सावली जवळपास नाहीच, त्यामुळे माणशी दोन लिटर पाणी न्या आणि नऊच्या आत खाली या.